पडदा नसलेला रंगपट

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

गेल्या महिन्यात या पानावर कॉमिक कॉनमधल्या, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांचे चाहते पात्रांचे वेश करून जमतात त्या मेळ्यातल्या, फोटोंविषयी मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. एरवी माझ्याकडे लेन्सच्या किमती आणि मेमरी कार्डांच्या तक्रारी येतात. या वेळी माणसांशी कसं वागावं हे विचारणारी पत्रं आली आणि ती वाचताना मला फार बरं वाटलं. त्यातली सात इथे घेते. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी ठाण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड डीएसएलआर कॅमेरा घेतलाय, सोबत लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिलिमीटरची लेन्स. कॉमिक कॉनला एका मुलीने मोठे काळे पंख लावले होते. लांबूनच तिचे आठ-दहा फोटो काढले. तिची मैत्रीण आली आणि सगळ्यांसमोर मला ते डिलीट करायला लावले. लोकांनी बघावं म्हणूनच हे लोक वेश करतात ना? वारीत, विसर्जनाला आपण कुणाला विचारून फोटो काढतो का? माझं नेमकं काय चुकलं?

उत्तर : तुझ्या पत्रात पुढे एक वाक्य आहे, ते मी वर छापलं नाही. तू फोटो काढलेस तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि मैत्रीण तिच्या पंखाचा सुटलेला पट्टा पिनांनी अडकवत होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

मी कुडाळची. जत्रेतला दशावतार मी लहानपणी पुढून कमी आणि मागून जास्त पाहिला. दशावतारात रंग लावायला वेगळा माणूस नसतो. प्रत्येक नट आपापल्या पेटाऱ्याशी बसतो, एका हातात आरसा धरतो आणि स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतो. आमच्या वाडीतले एक काका स्त्रीपार्ट करायचे. एका जत्रेत त्यांचा चेहरा रंगून झालेला, भुवया कोरलेल्या, पण डोक्यावर केस चढायचे होते आणि कमरेला नुसता पंचा होता. तेवढ्यात मुंबईहून आलेला कुणाचा तरी पाहुणा कॅमेरा घेऊन आत शिरला. काकांनी तोंडासमोर टॉवेल धरला आणि म्हणाले, "आत्ता नको रे. आत्ता मी कोणच नाय." तासाभराने तेच काका राणी होऊन बाहेर आले आणि त्याच पाहुण्याच्या कॅमेऱ्याकडे मान वळवून हवा तेवढा वेळ उभे राहिले.

आत्ता मी कोणच नाय. बावीस वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढताना हे वाक्य मी बरोबर बाळगलं. एकदाच विसरले, ते पुढे सांगते.

दशावतारात रंगपट आणि रंगमंच यांच्यामध्ये निदान एक पडदा असतो. कॉन्व्हेन्शनच्या सभागृहात तोही नाही. जिथे ती पंख पसरून उभी राहते, तिथेच चार पावलांवर ती पाणी पिते, बूट काढून पायाचे फोड बघते, आईचा फोन घेते. पडदा नाही म्हटल्यावर तो फोटो काढणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी ओढायचा असतो. चेहरा पात्रात आहे, खांदे ताठ आहेत, नजर समोर आहे, म्हणजे ती मंचावर आहे. मुखवटा काखेत आहे, तोंडात सामोसा आहे, कुणीतरी मागून पिना लावतंय, म्हणजे ती रंगपटात आहे. तिथे कॅमेरा खाली ठेवायचा. इतकं सोपं आहे आणि गर्दीत तितकंच अवघड, म्हणून ते सरावाने शिकावं लागतं.

लोकांनी बघावं म्हणून वेश करतात, हे तुझं म्हणणं खरं आहे. ती इच्छा जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा मर्टल डग्लस या बाईंनी स्वतः शिवलेले भविष्यकाळातले कपडे घालून त्या आणि त्यांचे मित्र फॉरेस्ट अॅकरमन तिथे वावरले होते. त्यांनाही लोकांनी बघायला हवंच होतं. पण काय बघायला हवं होतं? केलेलं काम. माझी भाची कॉस्प्ले करते, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून वावरते. तिचे पंख ईव्हीए फोमचे, म्हणजे तापवून आकार देता येणाऱ्या हलक्या फोमचे आहेत. तीन महिन्यांचे रविवार ती हीट गन घेऊन डोंबिवलीच्या गॅलरीत बसलेली मी पाहिली आहे. एकेक पीस वेगळं कापलेलं, कडा घासलेल्या, तीन रंगांचे थर. ते पंख उघडून उभं राहिल्यावर कुणी फोटो मागितला तर तिला आनंदच होतो. पट्टा तुटलेला असताना, घामाने मेकअप ओघळत असताना कुणी लांबून टिपला तर तिचं तीन महिन्यांचं काम त्या फोटोत नसतंच, तिची फजिती तेवढी असते.

वारीचं आणि विसर्जनाचं बोलू. लालबागच्या रस्त्यावर तू वरून गर्दीचा फोटो काढतोस तेव्हा तो गर्दीचा असतो. सभागृहाचा तसा फोटो काढलास तर कुणी हरकत घेणार नाही. हजार माणसांना विचारत फिरायची गरज नाही. पण २०० मिलिमीटरवर तू गर्दीतून एक माणूस उचलून वेगळा काढतोस. तिथे विचारावं लागतं. वारीतही चंद्रभागेच्या काठी अंघोळ करणाऱ्या बायकांकडे चांगला छायाचित्रकार पाठ करून उभा राहतो. मी तशीच उभी राहिले आहे आणि त्या दिवशी माझ्या शेजारी दुसरा कुणी राहिला नाही, याचा मला अजून राग येतो.

आता विचारायचं कसं. समोरून जा. मुखवट्याला कडेचं दिसत नाही, रंगीत लेन्स घातलेल्या डोळ्यांना लांबचं नीट दिसत नाही, म्हणून मागून खांद्याला हात लावू नकोस. कॅमेरा छातीखाली घे, म्हणजे तिला तुझा चेहरा दिसेल. पात्र ओळखलं असेल तर त्याचं नाव घे, नसेल तर सरळ विचार, "हे कोण?" मग, "फोटो काढू का?" हो म्हणाली तर काढ, एकदा स्क्रीन दाखव, आभार मान. नाही म्हणाली तर "पंख मस्त झालेत" म्हण आणि पुढे हो. कारण विचारू नकोस. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ साली सभागृहात मोठे फलक लावले, त्यांचा अर्थ एवढाच होता की वेश घातला म्हणजे होकार दिला असं नाही. तिकडे फलक लावायची वेळ आली यावरून ही तक्रार किती मुलींची होती, ते समज.

आणि ती ७०-२०० पुढच्या वेळी घरी ठेव. ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स ने. जवळ जावंच लागेल आणि जवळ गेलं की बोलावंच लागतं.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका कार्यक्रमात स्वयंसेवक होतो. एखादा मोठा कॉस्प्लेअर मधल्या वाटेत थांबला की वीस-पंचवीस जण कॅमेरे घेऊन वेढा घालतात. मागे स्ट्रोलर, व्हीलचेअर अडकतात. ओरडून ओरडून घसा बसला. यावर काही उपाय?

उत्तर : उपाय आहे आणि तो ओरडण्याचा नाही. जपानमध्ये असा वेढा पडला की बऱ्याचदा कुणीतरी मोठ्याने दहापासून उलटी मोजणी सुरू करतो. मोजणी संपली की कॅमेरे खाली, वेढा मोकळा. आपल्याकडे हे काम स्वयंसेवकाने करावं. "दहा, नऊ, आठ" मराठीत मोजा, हिंदीत मोजा. लोकांना शेवट कधी आहे हे कळलं की ते ऐकतात, हा माझा पत्रकार परिषदांमधला अनुभव आहे.

फोटो काढणाऱ्यांनाही सांगा. विचारण्याआधीच कॅमेरा तयार हवा. सभागृहातले दिवे आपल्याकडे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं आणि फोटोवर पट्टे उमटतात. शटर १/१०० सेकंदावर ठेवा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील हवा तो आकडा) आधीच लावून ठेवा, एक चाचणी फोटो भिंतीचा काढा. मग माणसासमोर गेल्यावर तीन फोटो आणि अर्धा मिनिट पुरतं. माणूस उभा करून जो मेन्यूत बटणं शोधत बसतो, त्याच्यामुळे निम्मी वाट तुंबते.

कॉस्प्लेअरला वाटेतून भिंतीकडे सरकायची विनंती करा. हाताला धरून ओढू नका, नुसती जागा दाखवा. बरोबरच्या एकाने शेपटी आणि झगा सांभाळावा. झग्यावर पाय पडून शिवण उसवली की तिचा उरलेला दिवस संपतो. जिना, दरवाजा, लिफ्ट, स्वच्छतागृहाची वाट, इथे मात्र मोजणीही नाही. तिथे थांबूच द्यायचं नाही.

प्रश्न : फ्लॅश वापरला तर चालतो का? — एक वाचक, सांगली

उत्तर : विचारून, आणि एकदाच. मुखवट्याच्या फटीतून बघणाऱ्या माणसाला फ्लॅशनंतर काही क्षण समोरचं दिसत नाही आणि त्याच्या आजूबाजूला लहान मुलं पळत असतात. स्टेजवर स्पर्धा चालू असेल तर अजिबात नाही.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी तिच्या आवडत्या अॅनिमेतलं (जपानी कार्टूनमधलं) पात्र बनून मुंबईच्या कॉमिक कॉनला जायचं म्हणते. आम्ही नाशिकला राहतो. ड्रेस मीच शिवून देतेय. पण अनोळखी पुरुष तिचे फोटो काढतील या विचाराने मला झोप लागत नाही. पाठवू का?

उत्तर : पाठवू नका, घेऊन जा. तुम्ही ड्रेस शिवताय, म्हणजे त्या दिवसाच्या निम्म्या मानकरी तुम्ही आहात. तिच्याबरोबर दोन पावलं मागे राहा.

जायच्या आधी घरी एक सराव करा. तुम्ही अनोळखी माणूस व्हा आणि फोटो मागा, तिने "नको" म्हणायचं. मग पुन्हा मागा, थोडा आग्रह करा, तिने पुन्हा "नको" म्हणायचं. आपल्या मुलींना आपण मोठ्यांना नाही म्हणायला कधी शिकवत नाही. हा सराव मी भाचीबरोबर केला होता. पहिल्या दोन वेळा ती हसत सुटली, तिसऱ्या वेळी तिचा आवाज स्थिर झाला. तो स्थिर आवाज कानावर पडेपर्यंत करा.

कुणी फोटो मागितला तर तिची आणि तुमची, दोघींची परवानगी हवी. तुम्ही हो म्हणालात आणि तिचा चेहरा नको म्हणतोय, तर उत्तर नको. नाव, शाळा, इन्स्टाग्राम कुणालाही सांगायचं नाही. फोटो हवा असेल तर तो तुमच्या फोनवर येईल. "बाहेर उजेड चांगला आहे, जरा तिकडे चल" असं कुणी म्हटलं तर जायचं नाही, माणूस कितीही सभ्य वाटला तरी. ज्याला चांगला फोटो हवा आहे तो सभागृहातल्या उजेडात काढतो.

झग्याखाली चड्डी किंवा लेगिंग शिवून टाका. हे तिच्यावर बंधन म्हणून सांगत नाही, ती जिन्यावर, खाली मांडी घालून, कुठेही मोकळेपणी बसू शकेल म्हणून सांगतेय. आणि कुणी खालच्या कोनातून फोटो घेताना दिसला, तर लाजायचं कारण त्याला आहे, तुम्हाला नाही. मोठ्याने बोला, सुरक्षारक्षकाला बोलवा, ११२ ला फोन करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई नुसार एखाद्याच्या खासगी अवयवांचं, अंतर्वस्त्रात असले तरी, संमतीशिवाय चित्रण करणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, तो आकडा तिच्या फोनमध्ये घालून ठेवा.

एवढं सगळं वाचून घाबरू नका. तिथे भेटणारी बहुतेक मुलं तिला "हा विग कुठून घेतला" एवढंच विचारणार आहेत. आणि तुम्हाला "काकू, शिवलं कुणी?" असं विचारणारेही भेटतील. त्याची तयारी ठेवा.

प्रश्न : मी नोकरीसाठी योकोहामाला असतो. ऑगस्टमध्ये टोकियोच्या कॉमिकेटला जायचा विचार आहे. कॅमेरा नेला तर चालेल ना? भारतातल्यासारखंच असतं का?

उत्तर : चालेल, पण तिथले नियम वेगळे आहेत आणि ते नियम मला मनापासून आवडतात. कॉमिकेट म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्स-पुस्तकांची जत्रा. तिची सुरुवात २१ डिसेंबर १९७५ ला झाली तेव्हा ३२ गट आणि साधारण ७०० माणसं होती. आता टोकियो बिग साइट या प्रदर्शन केंद्रात लाखांनी लोक येतात. एवढी गर्दी चालते ती नियमांवर. तिथे घरून वेश घालून यायचं नाही, आत कपडे बदलायच्या खोल्या असतात. म्हणजे मी वर म्हटलेला पडदा तिथे त्यांनी स्वतःच लावून दिलाय. कॉस्प्लेसाठी जागा आखून दिलेल्या असतात आणि फोटो तिथेच काढायचे. पुस्तकांच्या टेबलांकडे कॅमेरा फिरवत चालायचं नाही. लोकप्रिय कॉस्प्लेअरसमोर रांग असते, रांगेत उभे राहा, पाळी आली की वाकून विचारा, काढा, वाका, निघा. खालच्या कोनातून काढायचा विचारही करू नका.

ऑगस्टमधलं तिथलं ऊन मुंबईच्या मे महिन्यासारखं अंगावर येतं. उघड्यावर जाड कपड्यात उभ्या असलेल्या माणसाला "अजून एक" म्हणताना आधी त्याच्या कपाळाकडे बघा. टोकियोची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे आतमध्ये १/१०० चालेल. पुढे कधी नागोयाला वर्ल्ड कॉस्प्ले समिटला गेलात तर तिथे ६० हर्ट्झ आहे, तिथे १/६० किंवा १/१२५ लावा. एकाच देशात विजेचे दोन स्वभाव आहेत.

प्रश्न : मी कोल्हापूरची, चार वर्षं कॉस्प्ले करते. एका फोटोग्राफरने विचारून फोटो काढला, पण टाकताना माझी कंबर बारीक केली आणि रंग दोन छटा उजळ केला. मी काढून टाक म्हटलं तर म्हणतो, "फोटो माझा आहे." खरंच त्याचा आहे का? माझ्या अंगावर माझा हक्क नाही?

उत्तर : कायद्याचं आधी. स्वामित्व हक्क कायदा १९५७ नुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, आणि सहसा हक्क त्याचाच. तुम्ही पैसे देऊन काढून घेतला असता, तर वेगळा करार नसल्यास हक्क तुमचा झाला असता. म्हणजे "फोटो माझा आहे" या वाक्यात तो साधारण बरोबर आहे. पण त्या वाक्याने तो तुमचा प्रश्न टाळतोय. तुम्ही होकार तुमच्या फोटोला दिला होता. त्याने टाकलाय तो दुसऱ्याच मुलीचा. कंबर तुमची, रंग तुमचा, आणि त्या कमरेवर नीट बसावा म्हणून कापलेला तो पट्टाही तुमचा. त्याने फोटोत कंबर घटवली तेव्हा पट्ट्याचं मापही खोटं केलं. त्याला हे याच शब्दांत लिहा. ऐकलं नाही तर त्या संकेतस्थळावर तक्रार करा आणि कार्यक्रमाच्या आयोजकांनाही कळवा. पुढच्या वेळी हो म्हणतानाच सांगा, "टाकण्याआधी मला दाखवा, अंगाला हात लावायचा नाही, रंगालाही नाही." तुम्हाला हे बोलायला जड जाईल. तरी बोला.

आता माझी चूक. काकांचं वाक्य मी एकदाच विसरले असं वर म्हटलं, ती ही गोष्ट. काही वर्षांपूर्वी गोरेगावला एका सभागृहात मागच्या जिन्यावर एक मुलगी बसली होती. अंगावर संपूर्ण चिलखत, शिरस्त्राण शेजारी, केस ओले, डोळे मिटलेले, हातात पाण्याची अर्धी बाटली. वरच्या खिडकीतून तिरपा उजेड येत होता. बावीस वर्षांत असा उजेड मला पाच-सहा वेळा मिळाला असेल. मी विचारलं नाही. काढला. फोटो उत्तम आला आणि दुसऱ्या दिवशी तो मी इंटरनेटवरच्या माझ्या पानावर टाकला. लोकांनी फार कौतुक केलं.

चौथ्या दिवशी तिचा निरोप आला. "मॅडम, फोटो सुंदर आहे. पण मला त्या वेळी भोवळ आली होती. आईने तो बघितला आणि आता ती मला पुन्हा जाऊ देणार नाही. काढून टाकाल का?"

माझ्या डोळ्यांसमोर काका टॉवेल धरून उभे राहिले. मी फोटो काढून टाकला, मूळ फाइलही पुसली. मग तिच्या आईला फोन केला आणि सांगितलं की चूक माझी आहे, तुमच्या मुलीची नाही. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती जेवून गेली नव्हती, मला माहीत होतं." पुढच्या वर्षी त्या स्वतः डबा घेऊन मुलीबरोबर आल्या. मुलीने शिरस्त्राण घातलं, खांदे ताठ केले आणि मला हाक मारली, "आता काढा." तो फोटो मी छापून त्यांच्या घरी पाठवला. पानावर टाकायचा का, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

प्रश्न : माझा नातू मला दरवर्षी तिकडे ओढून नेतो. त्याला त्या पात्रांबरोबर उभं राहून फोटो हवा असतो. मला ती पात्रं ओळखू येत नाहीत. काय बोलायचं, कळत नाही. — एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, नातवाला पुढे करा. पात्राचं नाव त्याला माहीत आहे, तो घेईल. तुम्ही फक्त "फोटो काढला तर चालेल का?" एवढं विचारा. त्याला सांगा, हात आपल्याच अंगाजवळ ठेवायचे, चिलखत, तलवार, शेपटी धरायची नाही. बरंच काही गरम गोंदावर टिकलेलं असतं. तुम्ही गुडघ्यावर बसू शकत नसाल तर बसू नका. त्या उंच मुलालाच विचारा, बहुतेक तोच नातवाच्या उंचीला खाली बसेल.